आभारपत्र : दिव्यांच्या टेबलामागील काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

महोत्सव संपून तीन आठवडे झाले. तीन रात्रींची छायाचित्रे निवडून संयोजकांच्या हवाली केली, आणि ज्यांच्यामुळे ती जमली त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले हे मग लक्षात आले. आपले नाव कुठेही छापू नये असे आपण बजावले आहे, तेव्हा मंचावरचे, मंचामागचे सगळेजण ज्या नावाने आपल्याला हाक मारतात त्याच नावाने लिहितो. पत्र खुले ठेवण्याचे कारण एवढेच की लहान गावातल्या संगीत महोत्सवात पहिल्यांदा कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या कुणाला तरी आपण मला सांगितलेल्या गोष्टी उपयोगी पडाव्यात. आपली हरकत नसेल असे धरून चाललो आहे.

पहिल्या रात्रीची माझी फजिती आपल्याला आठवत असेलच. सुरुवातीचे गायन इतके संथ आणि हळुवार होते की तिसऱ्या रांगेत कुणी चष्म्याचे घर उघडले तरी ऐकू येत होते. अशा शांततेत कॅमेऱ्याचा खटका वाजवणे मला अशोभनीय वाटले, म्हणून मी आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर सुरू केले, वेग, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, 1/500 सेकंद ठेवला आणि स्वतःवर खूश होऊन काढत सुटलो. मध्यंतरात कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा पाहिला तेव्हा गायिकेच्या चेहऱ्यावरून, साडीवरून, मागच्या काळ्या पडद्यावरून आडवे काळे पट्टे गेलेले होते. एका छायाचित्रात नव्हे, जवळपास सगळ्याच. कॅमेरा बिघडला असे समजून मी तो बंद करून पुन्हा चालू केला, बॅटरी काढून पुन्हा बसवली आणि शेवटी आपल्या टेबलापाशी आलो, तेही मदत मागायला नव्हे तर दिव्यांविषयी तक्रार करायला. हे आता कबूल करतो.

आपण ती तक्रार शांतपणे ऐकून घेतलीत, कानामागची पेन्सिल काढलीत आणि तिच्या बोथट टोकाने पडद्यावरचे पट्टे वरून खाली मोजू लागलात. वीस भरले. मग पुढच्या दोन दिव्यांचा मेनू उघडून दाखवलात, तिथे 600 हा आकडा होता. एलईडी दिवा मंद करायचा म्हणजे त्याची ज्योत कमी करायची नसते, तो दर सेकंदाला शेकडो वेळा पेटवायचा आणि विझवायचा असतो, आणि डोळ्याला त्याची फक्त सरासरी दिसते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरच्या वेळी संपूर्ण चित्र एकदम टिपत नाही. वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. सेकंदाला 600 वेळा उघडझाप करणारा दिवा तेवढ्या वेळात 20 वेळा पेटला असेल, तर वाचायला सेकंदाचा तिसावा भाग लागतो, असा हिशेब आपण तिथल्या तिथे मांडलात. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत मला कधी न सापडलेली ही माहिती आपण पट्टे मोजून काढलीत, याचे मला आजही कौतुक वाटते.

त्यापुढचा उपाय तर तिसरीतल्या भागाकाराचा निघाला. 1/500 सेकंदात अशा दिव्याची 1.2 उघडझाप होते, म्हणून कुठल्या ओळीला जास्त उजेड मिळतो आणि कुठल्या ओळीला कमी. 1/200 सेकंदात मात्र बरोबर तीन उघडझापी बसतात, 1/100 सेकंदात सहा, आणि प्रत्येक ओळीच्या वाट्याला सारखाच उजेड येतो. मी शटर 1/200 वर आणले आणि पट्टे गेले. शिवाय आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, 12800 वरून 5000 पर्यंत उतरला, हा वरचा नफा. वेग जितका जास्त तितके चित्र चांगले, ही माझी समजूत त्या मध्यंतरात संपली.

खरी अडचण पुढे होती आणि तीही आपणच दाखवून दिलीत. बाजूचे चार दिवे भाड्याने आणलेले, दुसऱ्या बनावटीचे. त्यांच्या मेनूत असा आकडाच नव्हता, त्यामुळे तिथे भागाकार चालणार नव्हता. यांत्रिक शटर, म्हणजे खरोखर हलणाऱ्या पात्यांचे, वापरले तर पट्टे पुष्कळ कमी होतात, परंतु त्याचा खटका पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जातो. म्हणजे हळुवार संगीतात आवाज नको म्हणून जे शटर घ्यावे ते चित्र बिघडवते, आणि जे चित्र राखते ते संगीत बिघडवते. या पेचावर मी एकट्याने विचार केला असता तर हळुवार भागात कॅमेरा खाली ठेवणे एवढेच मला सुचले असते.

आपण मात्र दुसऱ्या रात्री वेगळेच केलेत. मंचाच्या डाव्या-उजव्या बाजूंना जुने हजार वॅटचे दोन हॅलोजन ‘पार’, म्हणजे डब्यासारखे मंचदिवे, आपण अजून टांगून ठेवले आहेत; वीज फार खातात आणि तापतात म्हणून दरवर्षी कुणीतरी ते उतरवायला सांगते, हेही आपणच सांगितलेत. हॅलोजनमधली तार तापून उजेड देते आणि इतक्या झटपट थंड होत नाही, त्यामुळे तिचा उजेड कॅमेऱ्याला जवळजवळ स्थिर दिसतो. प्रत्येक सादरीकरणाचा संथ, हळुवार भाग आपण याच दोन दिव्यांवर ठेवलात आणि लय वाढली, तालवाद्ये आली की मगच एलईडीकडे वळलात. त्यामुळे शांततेत मी बिनआवाजाचे शटर निर्धास्त वापरू शकलो, आणि वाद्यांचा गजर सुरू झाल्यावर यांत्रिक शटरचा खटका कुणाला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. प्रेक्षकांना हा बदल केवळ उबदार उजेडातून झगझगीत उजेडात गेल्यासारखा वाटला असेल. एका छायाचित्रकाराच्या सोयीसाठी प्रकाशयोजना बदलावी अशी अपेक्षा मी कधीच केली नसती. आपण मात्र ती संगीताला अधिक शोभेल अशी बदललीत आणि माझी सोय त्यात सहज बसवलीत.

तिसऱ्या रात्री त्या भाड्याच्या दिव्यांचाही बंदोबस्त झाला. दिव्यांचे नियंत्रण करणाऱ्या कन्सोलवरून प्रत्येक वाहिनीला 0 ते 255 अशी पातळी देता येते, आणि 255 वर बहुतेक एलईडी दिव्यांची उघडझाप थांबते, कारण विझण्याची गरजच उरत नाही. आपण ते चारही दिवे पांढऱ्या रंगावर पूर्ण पातळीला नेलेत आणि डोळ्यांत खुपणारी प्रखरता उतरवण्यासाठी त्यांच्यापुढे फ्रॉस्टचे, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारे, कागद लावलेत. शिडीवर चढून, कार्यक्रमाला पाऊण तास उरला असताना.

रंगांच्या बाबतीत मात्र आपले आणि माझे थोडे वाजले. गडद निळा उजेड आपल्याला प्रिय आहे आणि प्रेक्षागृहातून तो सुंदर दिसतो, हे मला मान्य आहे. पण सेन्सरवरच्या बिंदूंपैकी निम्मे हिरव्याला, एक चतुर्थांश तांबड्याला आणि उरलेले एक चतुर्थांश निळ्याला संवेदनशील असतात. शुद्ध निळ्या उजेडात तीन चतुर्थांश बिंदूंच्या हाती जवळजवळ काही लागत नाही आणि चेहरा निळ्या मेणाचा गोळा दिसू लागतो. संगणकावर नंतर कितीही खटपट केली तरी जे टिपलेच गेले नाही ते परत येत नाही. हे मी सांगितल्यावर आपण दोन मिनिटे काहीच बोलला नाहीत. पुढच्या निळ्या प्रसंगात मात्र समोरून अगदी पुसट, ओळखूही न येणारा पिवळसर उजेड चेहऱ्यावर आला. व्हायोलिनवादकाचे जे छायाचित्र सर्वांना आवडले आहे, ते त्याच पुसट उजेडातले आहे. मागे सगळे निळे आणि गालावर, बोटांच्या पेरांवर फक्त माणसाच्या कातडीचा रंग.

दिव्यांपलीकडचा आपला एक सल्ला मी सुरुवातीला मनावर घेतला नव्हता. दुपारच्या साउंड चेकला कॅमेरा न घेता येऊन बसा, असे आपण म्हणालात. छायाचित्रकाराला कॅमेरा न घेता बसायला सांगणे मला जरा अपमानास्पदच वाटले होते. दुसऱ्या दिवशी तरीही येऊन बसलो आणि हात रिकामे असल्यामुळे पाहू लागलो. गायिका वरच्या सुरावर जाताना मायक्रोफोनपासून मागे होते, कारण तो सूर जवळून घेतला तर ध्वनी फाटतो. म्हणजे ज्या क्षणी चेहऱ्यावर सर्वांत जास्त काही घडत असते नेमक्या त्याच क्षणी ओठांपुढचा मायक्रोफोन दूर होतो. बासरीवादक बासरी स्वतःच्या उजवीकडे धरतो, त्यामुळे प्रेक्षकांतून पाहताना डाव्या टोकाला उभे राहिले तर बासरी थेट लेन्सकडे येते आणि बोटे एकमेकांमागे लपतात. तबलावादक सम येण्याआधी क्षणभर मान वर करून गायिकेकडे पाहतो, आणि ती नजर समेपेक्षा कितीतरी अधिक बोलकी असते. हे सगळे मी त्या दुपारी कागदावर टिपून ठेवले आणि रात्री केवळ वाट पाहत राहिलो. पहिल्या रात्री नऊशेहून अधिक छायाचित्रे काढली होती, दुसऱ्या रात्री अडीचशे, आणि निवडीत दुसऱ्या रात्रीची दुप्पट आली.

मागच्या उजेडाविषयीही एक गोष्ट सांगायची राहिली होती. न्यूयॉर्कच्या क्लबांत जॅझ वादकांची छायाचित्रे काढणारे हर्मन लिओनार्ड यांचे 1948 सालचे एक छायाचित्र, ज्यात सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन सिगारेटच्या धुराच्या ढगात बसलेले आहेत, मी कित्येक वर्षे पाहत आलो होतो आणि त्यातली जादू कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये असावी असे समजत होतो. लिओनार्ड आपले फ्लॅश क्लबच्या मूळ दिव्यांजवळच लावत, जेणेकरून तिथल्या उजेडाची दिशा मोडू नये. ते मी वाचले होते, तरी त्याचा अर्थ कळला तो आपण मला मंचावर बोलावून, कलाकाराच्या जागी बसवून, मागचे दोन दिवे चालू केलेत तेव्हा. डोक्यामागून येणारी उजेडाची ती कड आतून कशी वाटते हे कळल्यावर बाहेरून ती कुठे शोधायची ते आपोआप समजले. त्यानंतर मी समोरची मानाची जागा सोडून विंगेजवळ उभा राहू लागलो. तिथे उभे राहण्याची परवानगीही आपणच संयोजकांकडे शब्द टाकून मिळवून दिलीत.

फ्लॅश मी तिन्ही रात्री पिशवीतच ठेवला, आणि काळ्या पडद्यामुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर चेहरे पांढरेफटक करतो म्हणून उजेड चेहऱ्यावरूनच मोजला. या दोन गोष्टी मला आधीपासून येत होत्या, एवढे श्रेय माझ्याकडे राहू द्यावे.

एका बाबतीत आपले मत मला अजूनही पटलेले नाही. तबल्यावरची बोटे स्पष्ट दिसलीच पाहिजेत, असा आपला आग्रह. त्यासाठी 1/500 वर काढलेले छायाचित्र मी आपल्याला दाखवले. त्यात बोटे मोजता येतात, परंतु वादक हात हवेत धरून कुणाची तरी वाट पाहत बसल्यासारखा दिसतो. 1/60 वर काढलेल्यात हात धूसर झाले आहेत, चेहरा मात्र स्थिर आहे, आणि द्रुत लय त्यातच ऐकू येते. संयोजकांनी आपली बाजू घेऊन पहिले निवडले. मी दुसरे माझ्या भिंतीवर लावले आहे.

सोबत तिन्ही रात्रींची निवडक छायाचित्रे आणि आपण कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे पेन्सिलने लिहून दिलेला, कुठल्या गाण्याला कोणते दिवे येतील याचा कागद परत पाठवत आहे. त्याची एक प्रत मी ठेवून घेतली आहे, त्याबद्दल क्षमा असावी. घड्यांमुळे बरेचसे अक्षर पुसट झाले आहे. शेवटच्या ओळीत ‘निळा आला की थांबा’ लिहिले आहे की ‘निळा आला की थांबवा’, हे मला लागलेले नाही. पहिले असेल तर ते माझ्यासाठी होते. दुसरे असेल तर ती आपण स्वतःला दिलेली सूचना असावी. कळवावे.

आपला कृतज्ञ,
विंगेजवळ उभा राहणारा छायाचित्रकार