घरातला भोंगा परगावाहून गप्प करता येता कामा नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

धुराचे आणि गॅसगळतीचे अलार्म आता घराघरांत दिसू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण ते विकताना एक सोय फार कौतुकाने सांगितली जाते. अलार्म वाजला तर तुम्ही कुठेही असा, मोबाइलवरून बंद करता येतो. अशी उपकरणे बसवणारे आणि त्यांची देखभाल करणारे आम्ही काही तंत्रज्ञ आहोत आणि आम्हाला हीच सोय सर्वांत धोक्याची वाटते. म्हणून हे पत्र.

मोबाइलवरून आवाज थांबवण्याला आमचा सरसकट विरोध नाही. छत नऊ-दहा फुटांवर असते. लसूण-मिरचीची फोडणी, देवघरातला धूप, आरतीचा कापूर एवढ्यानेही धुराचा अलार्म ओरडतो. मग घरातले सत्तरीचे आजोबा स्टुलावर चढतात, किंवा कोणी वैतागून बॅटरीच काढून ठेवतो आणि ती महिनोन्‌महिने परत बसत नाही. अशा वेळी त्याच खोलीत उभे राहून, धूर कशाचा आहे हे डोळ्यांनी पाहून, फोनवरचे बटण दाबले तर काहीच बिघडत नाही. उलट बॅटरी जागेवर राहते. आमचा आक्षेप आहे तो कारण न पाहता, दुसऱ्या गावातून बटण दाबण्याला. बटण आवाज थांबवते. धूर, गॅस किंवा आग यांना त्याचा पत्ताही नसतो.

अमेरिकेत घरगुती धुराच्या अलार्मसाठी यूएल २१७ हे मानक आहे. त्यात तात्पुरत्या शांततेला जास्तीत जास्त १५ मिनिटांची मर्यादा आहे. त्यानंतर यंत्राने आपणहून पूर्ववत कामाला लागायचे. याच देशातले एक उदाहरण फार बोलके आहे. नेस्ट कंपनीने २०१३ मध्ये ‘प्रोटेक्ट’ नावाचा अलार्म आणला. त्याच्यासमोर हात हलवला की भोंगा थांबत असे. पुढे चाचण्यांत लक्षात आले, की जवळपासच्या दुसऱ्याच हालचालीनेही ही सोय चालू होऊ शकते आणि खरी आग लागलेली असताना भोंगा उशिरा वाजू शकतो. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने विक्री थांबवली, मे महिन्यात तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सुमारे ४ लाख ४० हजार यंत्रांसाठी रिकॉल, म्हणजे सदोष माल परत घेण्याची किंवा दुरुस्त करण्याची सूचना, जाहीर केला आणि ती सोय इंटरनेटवरून बंद करण्यात आली. २०१५ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत मोबाइलवरून शांत करण्याची सोय दिली गेली, पण फोन ब्लूटूथच्या टप्प्यात असेल तरच. म्हणजे माणूस घरात हवा. २०२५ मध्ये या अलार्मचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला, तरी ब्लूटूथची ही अट मात्र आदर्श मानावी अशीच आहे.

आपल्याकडे धुरापेक्षा स्वयंपाकाच्या गॅसचा प्रश्न मोठा आहे, म्हणून त्याचे गणित नीट मांडतो. आठ बाय दहा फुटांचे, नऊ फूट उंचीचे स्वयंपाकघर म्हणजे ७२० घनफूट, साधारण २० घनमीटर. एलपीजीचे हवेतले प्रमाण सुमारे २ टक्के झाले की मिश्रण ठिणगीने पेटू शकते. २० घनमीटरचे २ टक्के म्हणजे ०.४ घनमीटर वायू, वजनाने साधारण ८०० ग्रॅम. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्याचा अठरावा हिस्सा गळला तरी सगळे स्वयंपाकघर स्फोटक होऊ शकते. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तो सगळीकडे सारखा पसरत नाही, जमिनीलगत साचतो. तिथे धोक्याची पातळी याहून कितीतरी आधी गाठली जाते. अलार्मवर ‘१० टक्के एलईएल’ असे छापलेले असेल, तर तो पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या दहाव्या भागालाच वाजतो. ही जी मधली मुदत तुम्हाला मिळते, तिच्यासाठीच पैसे मोजलेले असतात. दूरवरून आवाज बंद केला की ती मुदत वाया जाते, गळती मात्र चालूच राहते. घरात कॅमेरा असला तरी उपयोग नाही, कारण गॅस कॅमेऱ्यात दिसत नाही.

‘आमचा अलार्म उगाचच वाजतो’ ही तक्रार खरी असते, पण तिला कारण असते. स्वस्त गॅस अलार्ममध्ये टिन ऑक्साइडचा, सतत तापवलेला सेन्सर असतो. त्याला एलपीजीबरोबर अत्तर, झुरळांचा स्प्रे, सॅनिटायझर, ताजा रंग आणि थिनर यांच्या वाफाही कळतात. लाइट जाऊन आली की तो पुन्हा तापेपर्यंत काही मिनिटे त्याच्यावर विसंबता येत नाही. एलपीजीचा अलार्म जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंचीवर हवा. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो आणि हवेपेक्षा हलका, म्हणून त्याचा अलार्म छताखाली तितक्याच अंतरावर. पुण्या-मुंबईत सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला, तरी अलार्म खालीच राहिला, हे वारंवार दिसते. सिलिंडरच्या गॅससाठी बनवलेला सेन्सर मिथेनसाठी चालतो का, हेही तेव्हा तपासावे लागते.

कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची गोष्ट याहून कठीण. बाथरूममधला गॅस गिझर, बंद खिडकी आणि थंडीचे दिवस हे त्याचे नेहमीचे घर. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते आणि माणसाला वाटते पित्त झाले. यूएल २०३४ या अमेरिकी मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत याचे ७० भाग असतील तर अलार्म १ ते ४ तासांत वाजायला हवा, १५० भागांना १० ते ५० मिनिटांत आणि ४०० भागांना ४ ते १५ मिनिटांत. बटण दाबून शांत केल्यावरही पातळी ७० च्या वर राहिली, तर ६ मिनिटांच्या आत त्याने पुन्हा वाजायला हवे. घेताना हे विचारा. हा अलार्म वाजला की कारण ‘पाहून’ येण्याचा प्रश्नच नाही, कारण पाहण्यासारखे काही नसते. गिझर बंद करून सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचे. यंत्र बाथरूमच्या आत लावू नये, वाफेने बिघडते. दाराबाहेर लावावे.

आता मोबाइलपर्यंतचा रस्ता पाहू. अलार्मचा निरोप घरातल्या वायफायवरून इंटरनेटवर, तिथून कंपनीच्या सर्व्हरवर आणि मग तुमच्या फोनवर येतो. घरातली लाइट गेली, राउटर बंद पडला, की हा रस्ता तुटतो. भोंगा स्वतःच्या बॅटरीवर वाजत असेल, तुम्हाला मात्र काही कळणार नाही. उलट दिशेनेही तीच गत होऊ शकते. तुम्ही दाबलेला ‘शांत’ हा हुकूम अडकून राहिला आणि काही वेळाने पोहोचला, तर तो पहिल्या खोट्या अलार्मऐवजी नंतरच्या खऱ्या अलार्मला गप्प करू शकतो. आपले यंत्र असे करते का, याची चाचणी घरीच होते. टेस्ट बटणाने किंवा उदबत्तीच्या धुराने अलार्म वाजवा, राउटर बंद करा, मोबाइल डेटावर ॲप उघडून ‘शांत’ दाबा, पाच मिनिटांनी राउटर सुरू करा आणि लगेच पुन्हा अलार्म वाजवा. दुसऱ्यांदा तो वाजला नाही किंवा वाजता वाजता गप्प झाला, तर दूरवरून शांत करण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन कायमची बंद करा. सेटिंग नसेल, तर असे यंत्र आम्ही घरात ठेवणार नाही.

खरी काळजी आहे ती एका विशिष्ट परिस्थितीची. आई-वडील कोथरूडला किंवा डोंबिवलीला एकटे, मुलगा न्यू जर्सीत, आणि ॲप मुलाच्या फोनवर. इथे रात्रीचे अडीच वाजलेले असतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच. तो कामात असतो. फोनवर धुराची सूचना येते, आणि आदल्या चार वेळांना उदबत्तीच निघालेली असल्यामुळे तो ती सहज शांत करतो. आई-वडिलांना तो तीव्र आवाज वयामुळे आधीच कमी ऐकू येतो. नेहमीच्या भोंग्याचा स्वर सुमारे ३,००० हर्ट्झचा, आणि उतारवयात नेमके वरचे स्वर आधी जातात. ५२० हर्ट्झचा जाड आवाज झोपेतून जागे करायला जास्त उपयोगी पडतो. असा भोंगा मिळाला तर ज्येष्ठांच्या खोलीत तोच लावावा. पण कोणताही भोंगा लावला, तरी परदेशातल्या फोनला तो बंद करण्याचा अधिकार असू नये. त्या फोनला फक्त सूचना मिळावी. बहुतेक ॲपमध्ये ‘सदस्य’ आणि ‘प्रशासक’ असे वेगळे अधिकार देता येतात. प्रशासक घरात राहणारा असावा. घर भाड्याने दिले असेल, तर जुन्या भाडेकरूचे आणि अलार्म लावून गेलेल्या माणसाचे खाते काढले आहे का, हेही बघून घ्या. फोनच्या बॅटरी बचतीमुळे ॲप झोपून जाते, त्यातून त्याला वगळा. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्येही त्याची सूचना वाजू द्या.

सोसायटीतल्या सगळ्या मजल्यांचे अलार्म जिथे जोडलेले असतात, त्या मोठ्या पॅनेलबद्दल थोडक्यात. त्यावर ‘सायलेन्स’, ‘रिसेट’ आणि ‘आयसोलेट’ अशी तीन वेगळी कामे असतात. सायलेन्सने आवाज थांबतो, रिसेटने यंत्रणा नव्याने पाहू लागते, आयसोलेटने तो भाग आंधळाच होतो. रोजच्या कटकटीला कंटाळून आयसोलेट केलेले मजले महिनोन्‌महिने तसेच राहतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून जे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्या वेळी आयसोलेट केलेल्या भागांची यादी मागून घ्यावी. आणि हे पॅनेल सेक्रेटरीच्या मोबाइलला जोडून ‘दूरवरून सायलेन्स’ देऊ करणाऱ्याला नाही म्हणावे.

खोटे अलार्म कमी झाले, तर गप्प करण्याची इच्छाच कमी होते. धुराचा अलार्म शेगडीपासून किमान ३ मीटर लांब, बाथरूमच्या दारापासून दूर, पंख्याच्या झोतात नाही, देवघराच्या डोक्यावर तर मुळीच नाही. स्वयंपाकघरात धुराऐवजी ५७ अंशांना वाजणारा उष्णतेचा डिटेक्टर लावावा. महिन्यातून एकदा टेस्ट बटण, सहा महिन्यांनी मऊ ब्रशने धूळ, आणि उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षांनी यंत्र नवे. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्रांचे आयुष्य साधारणपणे याहून कमी असते. ती मुदत यंत्रावरच छापलेली असते.

भारतीय मानक ब्युरोने आणि बांधकाम व्यावसायिकांनी घरगुती अलार्मसाठी एवढ्या अटी घालाव्यात अशी आमची मागणी आहे. फोन ब्लूटूथच्या टप्प्यात असेल तरच शांत करता यावे. मुदत १० मिनिटांची असावी आणि ती संपली की यंत्राने स्वतः पुन्हा पाहावे. धूर किंवा गॅस वाढत असेल तर शांत करण्याचा हुकूम यंत्राने मानू नये. आवाज थांबला तरी लाल दिवा चालू राहावा, आणि कोणी, किती वाजता शांत केले ही नोंद घरातल्या सगळ्यांच्या फोनवर जावी.

तोवर, परगावी असताना सूचना आलीच, तर आवाज तसाच वाजू द्या. त्या आवाजानेच शेजारी बाहेर येणार आहेत. आधी घरात फोन करा, मग शेजाऱ्याला, मग वॉचमनला. आग असेल तर १०१ किंवा ११२, एलपीजीची गळती असेल तर १९०६. गॅसच्या अलार्ममध्ये ॲपवरून एक्झॉस्ट फॅन, दिवा किंवा स्मार्ट प्लग सुरू करू नका आणि बंदही करू नका. तेवढ्या ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. घराची एक किल्ली शेजारी ठेवा आणि त्यांना आजच दोन गोष्टी सांगून ठेवा. सिलिंडरचा रेग्युलेटर कुठे आहे, आणि गॅसचा अलार्म वाजत असेल तर दारावरची बेल दाबायची नाही, दार हाताने ठोठवायचे.

आपले,
अग्निसुरक्षा उपकरणे बसवणारे काही तंत्रज्ञ, पुणे