गोरिंगच्या बंधाऱ्यावरून आई-बाबांना

रेडिंग, इंग्लंड
2 जून 2024

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर आईने विचारले होते, "तुमच्या जवळपास एखादी नदी आहे का गं, संध्याकाळी जाऊन बसण्यासारखी?" तेव्हा मी घाईत होते आणि "आहे, थेम्स आहे" एवढेच सांगून फोन ठेवला. काल आम्ही तिघे त्याच थेम्सच्या काठी गोरिंग नावाच्या गावी दिवसभर राहून आलो, आणि परत येताना गाडीतच ठरवले की या प्रश्नाचे उत्तर नीट लिहून पाठवायचे. व्हिडिओ कॉलवर बाबांना निम्मे ऐकू येत नाही आणि निम्मा वेळ ओवी फोन ओढून घेते. शिवाय पत्र तुम्हाला दुपारी सावकाश, दोनदा वाचता येईल.

रेडिंगहून गोरिंगला रेल्वेने पंधराएक मिनिटे लागतात. हा मार्ग ब्रुनेल या अभियंत्याने आखलेला असून 1840 साली तो इथून सुरू झाला. गोरिंगचे स्थानक येण्याच्या जरा आधी गाडी विटांच्या कमानींच्या पुलावरून थेम्स ओलांडते. पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली तरी त्या कमानी आजच्या वेगवान गाड्यांचा भार पेलत आहेत, हे अनिरुद्धने सांगितले तेव्हा मला आपल्या वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत आठवली. पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून ती माशासारखी निमुळती बांधली आहे, हे बाबांनी मला पहिल्यांदा दाखवले तेव्हा मी ओवीएवढीच होते. काल ओवीला पुलाचे खांब दाखवताना मी तीच गोष्ट तिला सांगितली.

गाव दोन डोंगररांगांच्या मधल्या खिंडीत आहे. पूर्वेला चिल्टर्न टेकड्या, पश्चिमेला बर्कशायर डाउन्स आणि दोन्हींच्या मधून थेम्स. हिमयुगात या नदीने खडूच्या दगडाचा डोंगर कापून ही वाट काढली. नदीच्या अलीकडे गोरिंग, ते ऑक्सफर्डशायर जिल्ह्यात, आणि पलीकडे स्ट्रीटली, ते बर्कशायरमध्ये. दोन्ही गावे एका पुलाने जोडलेली आहेत. पहिला पूल 1837 साली झाला, आताचा 1923 चा आहे. त्याआधी माणसे होडीतून नदी ओलांडत. रिजवे नावाची अतिप्राचीन पायवाटही इथेच नदी ओलांडते.

आई, गाव तुला फार आवडेल. विटांची आणि गारगोटीच्या दगडांची बुटकी घरे आहेत, प्रत्येक घराला नाव आहे, आणि कुंपणावरून गुलाब बाहेर रस्त्यावर आले आहेत. पाण्यात एक हंसी सहा पिल्लांना घेऊन फिरत होती. पिल्ले अजून राखाडी आहेत, पांढरी व्हायला त्यांना बराच अवकाश आहे. दर वर्षी जुलैमध्ये राजाची माणसे होड्यांतून थेम्सवर येतात, हंसांची पिल्ले अलगद पकडून मोजतात, त्यांची प्रकृती तपासतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. ही चाल बाराव्या शतकापासूनची आहे. आम्ही काठावरच्या बाकावर बसून थालीपीठ आणि तू पाठवलेले लिंबाचे गोड लोणचे खाल्ले. वर आकाशात लाल घारी फिरत होत्या. इंग्लंडमधून त्या पूर्णपणे नाहीशा झाल्या होत्या. 1989 पासून स्पेनमधून पिल्ले आणून या चिल्टर्न टेकड्यांत सोडली गेली, आणि आता मान वर केली की एखादी तरी दिसतेच.

गावातले चर्च बाराव्या शतकातले आहे. आत जमिनीजवळ एक जुनी घंटा ठेवली आहे, साधारण 1290च्या सुमारास ओतलेली, इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या घंटांपैकी एक. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. मेणवलीच्या घाटावरची घंटा मनात होती, चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकल्यावर आपल्याकडे आलेली, जिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे आणि तरीही जिला आपण लहानपणी देवळाची घंटा म्हणूनच ओळखत होतो. आई, तू मला कडेवर घेऊन त्या घंटेखाली उभी असल्याचा एक फोटो होता. तो सापडला तर जपून ठेव, मला त्याची प्रत हवी आहे.

आता बाबा, तुमच्यासाठीचा भाग. तो लांबणार आहे, कारण खरे तर त्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले आहे.

पुलाच्या अगदी खाली बंधारा आहे आणि त्याला लागून लॉक आहे. लॉक म्हणजे नदीच्या कडेला बांधलेला एक लांबट हौद, ज्याच्या दोन्ही टोकांना दुहेरी दरवाजे असतात. हे दरवाजे मिटले की वरच्या पाण्याकडे टोक काढून एकमेकांवर रेलून उभे राहतात, त्यामुळे पाण्याचा दाब जितका वाढेल तितके ते अधिक घट्ट बसतात. खालून आलेली होडी हौदात शिरते, मागचे दरवाजे लागतात, मग वरच्या बाजूच्या मोऱ्या उघडून नदीचे पाणी हळूहळू आत घेतले जाते, आणि होडी पाण्याबरोबर वर उचलली जाते. आतली पातळी आणि वरच्या नदीची पातळी एक झाली की पुढचे दरवाजे सहज उघडतात. गोरिंगला ही चढण पावणेदोन मीटरच्या आसपास आहे. कुठे पंप नाही, कुठे उपसा नाही, सगळे काम पाणी स्वतःच्या वजनाने करते. ओवीने सलग पाच होड्या वर चढताना पाहिल्या आणि सहावीसाठी हट्ट धरला.

थेम्सवर असे 45 लॉक आहेत आणि प्रत्येकाच्या शेजारी किमान एक बंधारा आहे. म्हणजे जी नदी आपल्याला चित्रात इतकी संथ आणि काठोकाठ भरलेली दिसते, ती खरे तर पायऱ्यापायऱ्यांनी अडवून धरलेली नदी आहे. लॉकशेजारीच लॉककीपरचे घर असते आणि घरापुढे बाग. कालचे गृहस्थ साठीच्या घरातले होते. माझे वडील महाराष्ट्रात कृष्णेवरच्या धोम धरणावर होते, असे मी सांगताच त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले आणि तुमच्या दरवाजांविषयी विचारायला लागले. ते म्हणाले की होड्या वरखाली करणे हे लोकांना दिसणारे काम, पण खरे काम बंधाऱ्याचे. सकाळी उठल्याबरोबर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी वाचायची, वरच्या लॉकमधून किती पाणी येते आहे ते पाहायचे आणि त्याप्रमाणे बंधाऱ्याची दारे कमीजास्त करायची, म्हणजे वरची पातळी जागच्या जागी राहते. ओढ वाढली की लॉकवर पिवळे फलक लागतात, आणि जोर धोकादायक झाला की लाल. बाबा, हे सगळे ऐकताना तुमची विसर्गाची वही माझ्या डोळ्यांसमोर होती, ती निळ्या कापडी पुठ्ठ्याची, जिला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. हे लॉक 1787 साली झाले. त्याआधी इथे नुसता बंधारा होता, आणि तो बंधारा हुबेहूब आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या जातीचा, म्हणजे उभ्या आधारांना टेकवून ठेवलेल्या लाकडी फळ्या, ज्या हाताने काढता-घालता येत. फरक इतकाच की आपण या फळ्या, म्हणजे बरगे, पावसाळ्यापूर्वी काढतो, आणि इथे एखादी होडी आली की मधल्या फळ्या काढून वाट मोकळी करत. अडलेले पाणी लोंढ्याने बाहेर पडे आणि खाली जाणारी होडी त्या लोंढ्यावरच स्वार होऊन जाई. वर येणारी होडी दोर बांधून, रहाट फिरवून त्याच लोंढ्याविरुद्ध ओढून घ्यावी लागे. 1674 साली इथेच एक होडी बंधाऱ्यावर उलटली आणि सुमारे साठ माणसे बुडाली. गोरिंगमधला उत्सव आटोपून ती माणसे घरी निघाली होती. पुलावर उभे राहिले की तो बंधारा अगदी पायाखाली येतो, पाणी पांढरे होऊन खाली पडत असते आणि त्याचा आवाज गावात सगळीकडे ऐकू येतो. टर्नरसारख्या मोठ्या चित्रकाराने इथली गिरणी आणि चर्च रंगवले आहे. मला मात्र काल त्या जागेचे सौंदर्य आणि ती साठ माणसे वेगळी करता आली नाहीत.

2005च्या पावसाळ्यात तुम्ही सलग कितीतरी रात्री घरी नव्हता. सांगलीत पाणी शिरल्याच्या बातम्या येत होत्या, आपल्या गणपतीच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पुण्याला माझ्याबरोबर मामा आला होता. मी तुमच्यावर रागावले होते आणि परतल्यावर दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तेव्हा काहीही समजावून सांगितले नाही. काल त्या लॉककीपरनी पावसाळी हिवाळ्यातल्या रात्री कशा जातात ते सांगितले. दर काही तासांनी उठून पट्टी पाहायची, दार थोडे उघडायचे, पुन्हा पट्टी पाहायची, कारण एकदम उघडले तर खालच्यांच्या घरात पाणी आणि उघडले नाही तर वरच्यांच्या. ते बोलत असताना मला एकदम रडू आले. अनिरुद्धने ओवीला हंस दाखवायला नेले. त्या दोन दिवसांच्या अबोल्याबद्दल मी तुमची क्षमा मागते, बाबा. एकोणीस वर्षे उशिरा मागते आहे, पण मनापासून.

दुपारी आम्ही टॅक्सीने वर टेकडीवरच्या स्टोक रो या गावी गेलो. तिथे आपल्या काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे, हे मला कालपर्यंत माहीत नव्हते. खडूचा दगड पावसाचे पाणी पोटात मुरवून टाकतो, त्यामुळे खाली गोरिंगला नदी भरून वाहत असताना वर टेकडीवर ओढासुद्धा नसतो. या भागातले एडवर्ड रीड हे गृहस्थ हिंदुस्थानात मोठ्या अधिकारावर होते आणि आझमगढला त्यांनी 1831 साली लोकांसाठी विहीर खोदवली होती. इंग्लंडमधल्या आपल्या भागातल्या खेड्यांत पाण्यावाचून कसे हाल होतात ते त्यांनी महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितले होते. घरातले शेवटचे पाणी प्यायला म्हणून एका मुलाला मार बसल्याची हकिगत त्यात होती, असे सांगतात. पुढे महाराजांनी त्या आठवणीखातर इथे विहीर खणण्याचा खर्च दिला. ती माणसांनी हाताने खणली, 368 फूट खोल आणि जेमतेम चार फूट रुंद, आणि 1864च्या मे महिन्यात, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, ती गावाला खुली झाली. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या उंचीपेक्षा ही खोली जास्त आहे. वर घुमटी आहे आणि तिच्याखाली रहाटावर एक सोनेरी हत्ती उभा आहे.

पण बाबा, तुम्हाला सांगायची गोष्ट पुढेच आहे. महाराजांनी नुसती विहीर दिली नाही. शेजारी राखणदारासाठी घर बांधून दिले, आणि जमीन घेऊन चेरीची बाग लावली, की फळांच्या विक्रीतून देखभालीचा खर्च निघावा आणि पाणी गावाला फुकट मिळावे. "बांधायला सगळे येतात, सांभाळायला कोणी येत नाही" हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हणाला असाल! इथे सांभाळण्याची तरतूद बांधतानाच केली होती. विहीर आजही नीटनेटकी आहे. ओवीने कठड्यावरून आत वाकून पाहिले आणि विचारले, "आबांनी एवढी खोल विहीर पाहिलीय का?" मी सांगितले, तूच पत्रात विचार. तिचा कागद सोबत जोडला आहे. अक्षरे मोठी आणि वाकडी आहेत, पण मराठी तिने स्वतः लिहिले आहे, मी एकही वेलांटी दुरुस्त केलेली नाही.

संध्याकाळी परत गोरिंगला उतरलो. जूनमध्ये इथे नऊ वाजून गेल्यावरच सूर्य मावळतो, त्यामुळे घाई नव्हती. शेवटची होडी निघून गेली, लॉककीपर बागेतल्या झाडांना पाणी घालत होते, आणि त्यांनी लांबूनच हात केला. त्यांनी तुमच्यासाठी एक प्रश्न दिला आहे: धोमचे दरवाजे एक फूट उचलायचे ठरले, तर खालच्या गावांना किती वेळ आधी कळवत होतात, आणि मोबाइल नव्हते तेव्हा कसे? मला उत्तर देता आले नाही. कृपया सविस्तर लिहून पाठवा, मी इंग्रजी करून त्यांना नेऊन देईन.

आणि आता माझी विनंती. बाबांच्या गुडघ्याचे डॉक्टरांनी ठीक म्हटले, तर पुढच्या वर्षी मे महिन्यात दोघांनी इथे यावे. स्थानकापासून लॉक दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, काठाने बसायला बाक आहेत, आणि टेकडीवरची विहीर गाडीने अगदी दारापर्यंत गाठता येते. आईने थंडीची काळजी करू नये, तिच्या मापाचा लोकरी कोट मी घेऊन ठेवला आहे. तिकिटांचे अनिरुद्ध पाहील. तुम्ही फक्त पासपोर्टची मुदत कधी संपते ते कपाटातून काढून पाहा आणि रविवारच्या फोनवर सांगा.

दादा-वहिनींना नमस्कार, अन्वयला आशीर्वाद.

तुमची,
शुभा