बाबांना पत्र: राखीव खेळाडूची पदवी

अथेन्स, ओहायो
रविवार, दुपार

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

मागच्या फोनवर तुम्ही विचारले होते, की ज्या जो बरो नावाच्या मुलाचे नाव इथल्या शाळेच्या स्टेडियमला दिले आहे तो कॉलेजात तीन वर्षे नुसता बाकावर बसून असेल, तर त्याचे एवढे कौतुक कशासाठी? तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक म्हणजे काय, हे तो खेळ कधी न पाहिलेल्या माणसाला दोन वाक्यांत सांगणे अवघड आहे, म्हणून आज सवडीने लिहितो.

परवा शुक्रवारी संध्याकाळी मी शेजारच्या द प्लेन्स गावात त्याच मैदानावर शाळेचा सामना पाहिला. क्वार्टरबॅक सोळा-सतरा वर्षांचा असेल. कमरेला पांढरा टॉवेल खोचलेला; प्रत्येक चालीआधी तो त्याला हात पुसे, समोरच्या अकरा जणांवरून नजर फिरवी, काहीतरी ओरडे, आणि त्याबरोबर त्याचे दोन गडी जागा बदलत. मग चेंडू हातात आला की फार तर तीन सेकंद, आणि तेवढ्यात अंगावर धावून येणारे धिप्पाड गडी चुकवत, कोणाकडे फेकायचे ते ठरवून फेकायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले नाही, तर चेंडू समोरच्या संघाकडे गेला. यष्टिरक्षकाची नजर आणि कर्णधाराची जबाबदारी एकाच मुलावर, असे समजा. मात्र या जागेवर एका वेळी एकच जण खेळतो. बाकीचे कितीही गुणी असले तरी बाहेरच.

जो बरो याच मैदानावर वाढला. त्याचे वडील अथेन्समधल्या ओहायो विद्यापीठाच्या संघाच्या बचावफळीचे प्रशिक्षक होते. 2014 साली त्याने शाळेचा संघ राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला आणि तो सामना 56-52 असा हरला. पुढच्या वर्षी तो शिष्यवृत्तीवर कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. पहिले वर्ष रीतसर राखीव ठेवलेले, आणि नंतरच्या दोन हंगामांत मिळून चाळीस वेळासुद्धा त्याला चेंडू फेकायला मिळाला नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या फेकण्याच्या हाताचे हाड मोडले आणि दुसऱ्या क्रमांकाची जागा ड्वेन हॅस्किन्सकडे गेली. त्याच हंगामात मिशिगनविरुद्ध पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला, हॅस्किन्स मैदानात उतरला आणि सामना जिंकून आला. बरोचा नंबर लागण्याची शक्यता तिथेच संपत आली होती.

बाबा, इथे लोक ही गोष्ट संयमाची म्हणून सांगतात. मला ते तितकेसे पटत नाही, आणि तुम्हालाही पटणार नाही असे वाटते. त्या काळी संघ बदलणाऱ्या विद्यार्थ्याला नव्या कॉलेजात एक वर्ष सक्तीने बसावे लागे. पण पदवी हातात असेल तर तो लगेच खेळू शकत असे. बरोने तीन वर्षांत पदवी पूर्ण केली, तीही ग्राहक आणि कौटुंबिक अर्थव्यवहार या विषयात. खेळण्यासाठी मिळणाऱ्या पाच वर्षांपैकी दोन त्याच्या हाती उरली होती, आणि ती त्याने एकही वाया न घालवता लुइझियाना स्टेट विद्यापीठात नेली. बाकावर बसल्या बसल्या त्याने हे कमावले होते. तेव्हा या मुलांना खेळाचा पगार नसे, आणि आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभा तर 2021 मध्ये आली. आपल्याकडच्या किती गुणी खेळाडूंना घरच्यांनी ‘आधी डिग्री घे’ म्हणून खेळापासून तोडले असेल. इथे डिग्रीनेच खेळ परत मिळवून दिला.

2018 चा पहिला हंगाम बरा गेला; त्याच्या फेकीवर सोळा टचडाउन झाले, म्हणजे सोळा वेळा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेला. मग जो ब्रेडी नावाचा तरुण प्रशिक्षक आला आणि संघ पाच-पाच झेलणारे गडी मैदानभर पसरवून खेळू लागला. एवढे पर्याय समोर असले की ज्याची नजर जलद, त्याचे राज्य. 2019 मध्ये त्याच्या फेकीवर 60 टचडाउन झाले आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्याचे चेंडू फक्त सहा वेळा पकडले. शंभरांतल्या शहात्तर फेकी आपल्या माणसाच्या हातात पडत होत्या. ज्या अलाबामा विद्यापीठाकडून लुइझियाना सलग आठ वेळा हरले होते, त्यांना त्यांच्याच मैदानावर 46-41 असे हरवले. घरच्या शेवटच्या सामन्याला तो आडनावाचे स्पेलिंग लुइझियानातल्या फ्रेंच थाटात लिहिलेला शर्ट घालून आला. उच्चार तोच, अक्षरे भलतीच. लोक वेडे झाले. अंतिम सामन्यात क्लेम्सनविरुद्ध 17-7 असे मागे पडूनही संघ 42-25 ने जिंकला, आणि पंधराच्या पंधरा सामने जिंकून हंगाम संपला.

पण आमच्या गावाला आठवतो तो 14 डिसेंबर 2019 चा दिवस. न्यूयॉर्कमध्ये कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मानाचा हाइझमन पुरस्कार घेताना तो रडत रडत बोलला, की माझा भाग फार गरीब आहे, शाळेतून घरी गेल्यावर ज्यांच्या ताटात फारसे काही नसते त्या मुलांसाठी मी इथे उभा आहे. त्यानंतर इथल्या एका रहिवाशाने परगण्याच्या अन्नवाटप केंद्रासाठी हजार डॉलरचे लक्ष्य ठेवून वर्गणी सुरू केली, आणि ती पाच लाखांच्या वर गेली. या डोंगराळ भागातल्या खाणी बंद पडून जमाना झाला. मी इथे आलो तेव्हा अमेरिकेत भूक असते हे मला माहीतच नव्हते; तुम्हालाही मी ते आजवर कधी लिहिले नव्हते.

परवा सामना संपल्यावर तो टॉवेलवाला मुलगा हेल्मेट काढून आईजवळ आला आणि पहिल्यांदा खायला काय आणले आहे तेच विचारू लागला. आईने फॉइलमध्ये गुंडाळलेले सँडविच पुढे केले. राखीव क्वार्टरबॅक मागे उभा होता. त्याचा शर्ट अजून परीटघडीचा होता. त्यालाही अर्धे मिळाले.

आईस साष्टांग नमस्कार. धाकट्यास आशीर्वाद.

तुमचा,
थोरला