दाणे घाला, पण पाठ फिरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2025 च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली, लोकांनी ती ओढून काढली, प्रकरण उच्च न्यायालयात होतंच. तेव्हापासून आपल्या पत्रांच्या सदरात दोन तट पडलेले मी वाचते आहे. एक म्हणतो, मुक्या जिवाला दाणा घालणं हे पुण्य. दुसरा म्हणतो, फुप्फुसांचे रोग नकोत, सगळंच बंद करा. मी सध्या मुलाकडे न्यू जर्सीत, पार्सिपनीला असते. इथे थंडीत घरोघरी मागच्या अंगणात पाखरांसाठी फीडर, म्हणजे दाण्यांची भांडी, टांगलेले असतात. ते पाहून मला जे म्हणावंसं वाटतं ते दोन्ही तटांना फारसं रुचणार नाही, पण लिहिते.

आधी दाण्यांबद्दल, कारण तिथे माझा अधिकार आहे. माझं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या पेठचं आणि घरी तेलघाणा होता. इथल्या दुकानात पक्ष्यांच्या खाद्याची एक अख्खी रांग असते. त्यात ‘नायजर’ लिहिलेली एक पिशवी दिसली. बारीक, काळं, चकचकीत बी. ही तर आपली खुरासणी! पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारावर नागली-वरईच्या शेजारी पिवळ्या फुलांनी डोलते तीच. भारतातून आणि इथिओपियातून ही इथे येते आणि विकण्याआधी तापवतात, म्हणजे तिच्यात मिसळून आलेलं अमरवेलीसारखं तण इथे रुजू नये. गोल्डफिंच नावाची इवलीशी पाखरं या बियांवर तुटून पडतात. उन्हाळ्यात नर पिवळाधमक असतो म्हणे, थंडीत मात्र मळकट दिसतो. मी सुनेला म्हटलं, यात लसूण आणि लाल मिरची पडली तर काय चटणी होईल. तेव्हापासून ती पिशवी गॅरेजमध्ये वरच्या फळीवर असते.

बाकीच्यांना सूर्यफुलाच्या काळ्या बिया. सुतार पक्ष्यासाठी इथे सुएट नावाची वडी जाळीत घालून लटकवतात. ती गाईच्या चरबीची असते, हे कळल्यावर मी सोललेल्या शेंगदाण्यांवर भागवलं. सुताराची तक्रार नाही.

सकाळी खिडकीशी चहा घेऊन बसले की सगळ्यांत आधी, अजून नीट उजाडलेलंही नसताना, लाल कार्डिनल पक्ष्यांची जोडी येते. संध्याकाळी सगळ्यांत शेवटी जाणारीही तीच. जंको उत्तरेकडून फक्त थंडीपुरते येतात आणि फीडरवर न बसता खाली बर्फावर सांडलेलं टिपतात. ब्लू जे आला की बाकीचे पांगतात. पण माझा जीव चिकडीवर. आपल्याकडच्या वल्गुली या छोट्या पाखराच्या कुळातली, वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. ही फीडरवर बसून खातच नाही. एक बी उचलते, फांदीवर नेते, पायांत धरून फोडते किंवा सालीच्या फटीत दडवून ठेवते. असे हजारो दाणे दडवते आणि पुन्हा शोधूनही काढते. बाहेर उणे दहा असताना ती रात्री आपल्या शरीराचं तापमान दहा-बारा अंशांनी उतरवते, म्हणजे साठवलेली चरबी सकाळपर्यंत पुरेल.

विस्कॉन्सिनमध्ये 1980 च्या दशकात दोन संशोधकांनी याच चिकडीचा अभ्यास केला. फीडर मिळणाऱ्यांपैकी 69 टक्के हिवाळ्यातून वाचल्या, न मिळणाऱ्यांपैकी 37 टक्के. फरक पडला तो मुख्यतः कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांत. पुढे त्यांनीच वर्षानुवर्षं दाणे मिळत असलेल्या जागचे फीडर काढून पाहिले, तर त्या चिकड्या इतरांइतक्याच तगल्या. म्हणजे दाण्याने पाखरं आळशी होतात हेही खरं नाही, आणि आपण नसतो तर ती मेली असती हा तोराही नको.

आता दुसरी बाजू. 1994 मध्ये वॉशिंग्टनच्या आसपास हाऊस फिंच पक्ष्यांचे डोळे सुजलेले दिसू लागले. कोंबड्यांमधला एक जंतू त्यांच्यात शिरला होता आणि एकाच फीडरवर दाटीने खाणाऱ्यांत तो झपाट्याने पसरला. हे कळलं कसं? खिडकीशी बसून पाहणाऱ्या, मोजणाऱ्या लोकांमुळे. ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ हा उपक्रम 1976 मध्ये कॅनडातल्या ओंटारियोत सुरू झाला, 1987 च्या हिवाळ्यापासून सगळ्या उत्तर अमेरिकेत. आता कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि बर्ड्स कॅनडा तो चालवतात. नोव्हेंबर ते एप्रिल लोक आपापल्या अंगणातली नोंद पाठवतात. नियम साधा: एका वेळी एका जातीचे जास्तीत जास्त किती दिसले तेवढाच आकडा लिहायचा. नाहीतर एकच चिकडी दहा वेळा आली की दहा चिकड्या होतात. आमच्या शेजारच्या आजीबाईंची वही मी पाहिली आहे. आपल्याकडे दूधवाल्याचा हिशोबही कुणी इतका नेटका ठेवत नाही.

आणि स्वच्छता. दर दोन आठवड्यांनी फीडर उतरवून घासायचा, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून बुडवायचा, खडखडीत वाळवायचा, खालची टरफलं झाडून काढायची. आजारी पक्षी दिसला तर फीडर काही काळ उतरवूनच ठेवायचा. 2021 मध्ये इकडच्या अनेक राज्यांत पाखरं एका न उलगडलेल्या आजाराने मरू लागली. सरकारी खात्यांनी सांगितलं आणि लोकांनी मुकाट्याने फीडर उतरवले. कुणाचं पुण्य बुडालं नाही. आमच्या भागात काळी अस्वलं आहेत, म्हणून ती झोपी जातात तेवढ्या थंडीतच दाणे घालायचे असतात. काचेवर आपटून पक्षी मरू नयेत म्हणून फीडर खिडकीपासून तीन फुटांच्या आत टांगायचा, म्हणजे उडताना त्यांना वेगच येत नाही. आणि घरची चिमणी, जिच्यासाठी आपण हळहळतो, ती इथे उपरी. 1850 च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेल्यांची ही प्रजा. इथल्या पक्ष्यांची घरटी बळकावते म्हणून तिचा रागच करतात. मला ती दिसली की बरं वाटतं, पण हे मी शेजारी बोलत नाही.

मग हेच सगळं उचलून नाशिक-मुंबईत आणावं का? मुळीच नाही. इथे डिसेंबरात जमीन बर्फाखाली जाते. आपल्याकडे त्याच दिवसांत गवताला बी असतं, ज्वारीला कणसं असतात, किडे असतात. म्हणून तर भोरड्या थव्यांनी आपल्याकडे येतात, परीट येतात, नांदूरमध्यमेश्वरला बदकं उतरतात. ती आपल्या गॅलरीतल्या बाजरीसाठी येत नाहीत. आपल्याकडे पाखरांचे हाल होतात ते एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा हवं असतं पाणी. पसरट मातीचं भांडं, रोज घासून, रोज ताजं. ज्वारीची पोती रस्त्यावर रिकामी केली की त्याचा फायदा एकट्या कबुतराला, कारण दाणापाणी बारमाही मिळालं की ते बारमाही पिल्लं काढतं. पोतं ओतणारा माणूस मात्र गाडीत बसून निघून गेलेला असतो. विष्ठा कुणाच्या खिडकीत, पंख कुणाच्या एसीत, हे त्याने कधी वळून पाहिलेलं नसतं. माझा राग दाण्यावर नाही, या पाठ फिरवण्यावर आहे. ज्याला घालायचंय त्याने तिथेच थांबावं, काय येतं ते पाहावं, सांडलेलं झाडावं. एवढं करायची तयारी नसेल तर घालू नये. आणि ‘सगळं बंद करा’ म्हणणाऱ्यांनीही आपल्या आवारात कबुतराशिवाय काय काय येतं ते एकदा बघावं.

आपल्याला एक विनंती. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काऊंट’ असतो. 1998 मध्ये इकडे सुरू झाला, 2013 पासून जगभर चालतो, भारतातही. फीडर लागत नाही, पैसे लागत नाहीत. पंधरा मिनिटं गॅलरीत किंवा आवारात उभं राहून जे दिसेल ते मोजायचं आणि ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचं. कबुतरखान्याला आपण बरीच जागा दिलीत. या मोजणीची चार ओळींची चौकट आधीच्या आठवड्यात छापाल का? सोबत एवढंही लिहा की यादीत कबुतरंही धरायची, चिडून वगळायची नाहीत. कुठल्या वॉर्डात किती आहेत याचा आकडा हाती असला तर महापालिकेशी भांडायला दोन्ही तटांना उपयोगी पडेल.

आपली नियमित वाचक,
पार्सिपनी, न्यू जर्सी (मूळ गाव पेठ, जि. नाशिक)