ओहोटीची वेळ

प्रिय आई-बाबा,

मंगळवारी फोन उचलला नाही म्हणून आई, तू रुसलीस ते कळलं. मी गुडघाभर पाण्यात होते आणि फोन किनाऱ्यावरच्या आमच्या अभ्यास केंद्रावर चार्जिंगला. इथलं घड्याळ चंद्राच्या हातात. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी उशिरा येते, आणि अगदी खालचे खडक उघडे पडतात ते अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत. ते हुकले की पंधरा दिवस वाट बघायची.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, "तिथे मोजता तरी काय?" अर्ध्या मीटरची चौकट खडकावर ठेवायची आणि आतलं सगळं मोजायचं: शेवाळ, शिंपले, गोगलगायी आणि बार्नॅकल, म्हणजे खडकाला चिकटलेला कवचातला छोटा जीव. दर महिन्याला त्याच जागी. नोंद पेन्सिलीने, कारण शाई पाण्यात फुटते. हा बार्नॅकल लहानपणी पोहत हिंडतो, मग जागा पसंत पडली की डोकंच खडकाला चिकटवतो आणि उरलेला जन्म पायांनी अन्न ओढत काढतो. परवा पाण्याखाली भिंग धरून बघत बसले. पिसासारखे पाय बाहेर, आत, बाहेर, आत. पाठ मोडली तरी उठवेना.

एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजून काय मिळतं, ते सांगते. रॉबर्ट पेन या जीवशास्त्रज्ञांनी 1963 पासून अमेरिकेच्या वॉशिंग्टन किनाऱ्यावरच्या एका खडकपट्टीवरून तारामासे काढून फेकायला सुरुवात केली. शिंपले खाणारं कोणी उरलं नाही, शिंपल्यांनी जागा बळकावली आणि 15 जातींच्या 8 झाल्या. वर्षानुवर्षं त्याच खडकावर गेले म्हणून ते त्यांना दिसलं.

गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाची मुलं आली होती. एकाने दगड उलटला, फोटो काढला आणि तसाच टाकून पुढे निघाला. खालच्या जिवांना ऊन सोसत नाही. दगड होता तसा पालथा घालावाच लागतो. मी ओरडले, जरा जास्तच. खरं तर ओरडायला मी कोण? मागच्या महिन्यात आमच्या खुणेचा खिळा शेवाळात दडला होता, मी शेजारच्या जुन्या खिळ्यावर चौकट ठेवली आणि अख्खा तक्ता बाद झाला. संध्याकाळी त्याला हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच बाकीच्यांना दगड पालथे घालायला लावत होता.

रविवारी ओहोटी सकाळी सव्वापाचला आहे. बाबा, रोजची 50 मिनिटं धरून बुधवारची वेळ तुम्हीच काढा, आणि तेवढ्या वेळात आईला फोन लावू देऊ नका.

तुमची,
धाकटी