थंडी घडवून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "असू द्या ताई, त्यात काय" म्हणता आणि दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेची रबरी पट्टी, नीट बसतंय का ते विचारायला लागता. म्हणून हे लिहून काढतेय, आणि चारचौघांना वाचता यावं असं लिहितेय. कोपरखैरण्यात, सिडकोच्या बैठ्या घराच्या मागच्या खोलीत केशर फुलतं म्हटल्यावर बरेच जण बघायला येतात. कंद कुठून आणले, ग्रॅमला भाव काय, किती पैसे घातले, सगळं विचारून जातात. खोलीत थंडी कुणी केली, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. मला विचाराल तर केशराचं निम्म्याहून जास्त काम तेवढंच आहे, आणि ते तुम्ही केलंत.

तुम्हाला हे ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. केशराला बी धरत नाही. कंदाला कंद फुटतात, तेवढीच त्याची वाढ. काश्मीरात पांपोरच्या शेतांमध्ये हे कंद उन्हाळाभर मातीत गप्प पडून असतात, ऑक्टोबरअखेरीला गारवा आला की फुलतात, आणि मग पानं हिवाळाभर, बर्फ अंगावर घेत, पुढच्या कंदांसाठी अन्न करत राहतात. घरात केशर घ्यायचं तर हेच ऋतू याच क्रमाने खोलीत आणावे लागतात. आधी २३ ते २७ अंशांची ऊब, त्या काळात कंदाच्या पोटात फूल तयार होतं. मग १७ अंशांच्या आसपास गारवा आणि हवेत ८० टक्क्यांच्या आसपास ओल, म्हणजे ते फूल बाहेर येतं. त्याला माती लागत नाही, पाणी लागत नाही, ट्रेमध्ये नुसता ठेवलेला कंद आपल्या साठ्यावर फुलतो. काश्मीरच्या कृषी विद्यापीठानेही घरातल्या केशरावर काम केलं आहे, त्याबद्दल वाचूनच मी यात पडले.

अडचण एवढीच की कंदाला गारवा हवा असतो तो ऑक्टोबरात. आणि आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस ओसरून ऊन असं तापतं की दुपारी पारा पस्तिशीला टेकतो. बाहेर ३५ आणि आत १७, मध्ये एक विटांची भिंत.

ज्यांच्याकडून खोली बसवून घेतली, त्यांनी भिंतींना थर्माकोल चिकटवला, एक एसी, एक ह्युमिडिफायर आणि हवेतली ओल दाखवणारा एक डिजिटल मीटर लावला, "१६ वर ठेवा, बाकी काही बघायचं नाही" असं सांगितलं आणि गेले. नंतर फोन उचलेनात. एसी हवा कोरडी करायचा, ह्युमिडिफायर तीच ओली करायचा. जेवढं पाणी मी टाकीत ओतत होते तेवढंच एसीच्या नळीतून मोरीत पडत होतं. रात्री एसीच्या कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या आतल्या नळ्यांवर, बर्फ धरायचा. पलीकडे हॉलच्या भिंतीला घाम फुटून रंगाचे पापुद्रे सुटले होते. कंदांच्या बुडाशी निळसर हिरवी बुरशी दिसायला लागली तेव्हा मला रडू आलं, हे तुमच्यापासून लपलेलं नाही.

तुम्ही आलात ते आमचा फ्रिज बघायला. फ्रिजचं काम झालं, चहा झाला, आणि हॉलच्या भिंतीवर तुमची नजर गेली. तुम्ही उठून हाताची मागची बाजू भिंतीला लावलीत, वरपासून खालपर्यंत फिरवलीत आणि म्हणालात, "ताई, पलीकडं काय ठेवलंय?" मी दार उघडून दाखवलं. तुम्ही आत जाऊन थोडा वेळ नुसते उभे राहिलात. मग देवघरातली उदबत्ती मागितलीत. ती पेटवून दाराच्या कडेने, थर्माकोलच्या जोडांवरून, एसीच्या पाइपाच्या भोकापाशी हळूहळू फिरवलीत. जिथे धूर सरळ वर जायचा सोडून आडवा वळायचा तिथे तुम्ही खडूने फुली मारत गेलात. दाराच्या खालच्या कडेला तर धूर सरळ बाहेर ओढला जात होता. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की माझी खोली बंद नव्हतीच.

त्या दिवशी तुम्ही जे समजावलंत ते मला कुणी सांगितलं नव्हतं. थंड भिंतीपर्यंत बाहेरची दमट हवा पोचली की तिचं पाणी होणारच, मग ती भिंतीच्या आतून पोचो की बाहेरून. थर्माकोल जाड आहे की पातळ हे दुसरं, आधी जोड बंद झाले पाहिजेत. तुम्ही थर्माकोल काढून पफ शीट, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमच्या शीट, लावल्यात, प्रत्येक जोडावर फॉइलची टेप ओढलीत, पाइपाचं भोक फोमने भरलंत, दाराला कोल्ड स्टोरेजचं गॅस्केट बसवलंत. हॉलची भिंत आठवडाभरात सुकली.

मग मीटरची गोष्ट. डिजिटल मीटर ८० दाखवत होता आणि कंदांची साल मात्र कोरडी पडत होती. तुम्ही दोन साधे थर्मामीटर आणलेत, एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळलीत आणि दोन्ही शेजारी टांगून त्यांच्यावर छोटा पंखा सोडलात. कोरडा १७ वर, ओला १३ च्या खाली. "फरक चारच्या वर गेला की हवा साठीत आली समजा. दोनच्या आसपास पाहिजे, मग ऐंशी." एवढंच बोललात. आजही सकाळी मी मीटरकडे बघत नाही, त्या दोन थर्मामीटरकडे बघते.

आणि कॉइल! हे तर तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आयुष्य काढलेल्या माणसालाच सुचणार. कॉइल खोलीपेक्षा जितकी जास्त गार, तितकं ती हवेतलं पाणी ओढून घेते. घरातला एसी माणसांसाठी केलेला, त्याने पाणी ओढावं हीच आपली अपेक्षा असते. एपीएमसी बाजारात उतरणारं काश्मीरचं सफरचंद तुम्ही वर्षानुवर्षं सांभाळलंत, तिथे हवा कोरडी झाली की फळ सुरकुततं आणि वजन घटतं. म्हणून तिथे कॉइल मोठी ठेवतात आणि ती खोलीपेक्षा थोडीच गार ठेवतात. जुन्या बाजारातून तसं मोठ्या कॉइलचं युनिट शोधून आणून तुम्ही ते माझ्या खोलीला लावलंत. बर्फ धरणं बंद झालं. ह्युमिडिफायर दिवसातून थोडाच वेळ चालू लागला. ट्रे भिंतीपासून चार बोटं लांब, कंद एकाच थरात, एकमेकांना न चिकटता, आणि हवा सतत थोडी हलती. बुरशी लागलेले कंद बाजूला काढून टाकल्यावर पुन्हा ती पसरली नाही.

वीज जाण्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. मी जनरेटरच्या चौकशीला लागले होते. तुम्ही म्हणालात, "आधी वीस लिटरचे कॅन भरून आत ठेवा आणि वीज गेली की दार उघडू नका." पाण्याचे कॅन खोलीबरोबर गार होतात आणि तो गारवा बराच वेळ धरून ठेवतात. ऐन ऑक्टोबरात भर दुपारी वीज गेली, मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, कुणालाही दाराला हात लावू दिला नाही. वीज आल्यावर आत पाहिलं तर पारा फार चढलेला नव्हता. जनरेटरचे पैसे वाचले ते वेगळंच.

फूल आलं त्या पहाटे मी तुम्हाला फार लवकर फोन केला, त्याबद्दल काकूंनी मला माफ केलं असेल अशी आशा आहे. जांभळी पाकळी, आत तीन तांबडे तंतू. एक ग्रॅम सुकं केशर व्हायला साधारण १५० ते १७० फुलं लागतात, आणि फूल उमललं की त्याच दिवशी सकाळी खुडावं लागतं. तुम्ही दोघं आलात, काकूंनी ओला तंतू नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "याला वास कुठंय?" खरंच नसतो. तो सुकताना येतो. सुकवायला गार खोली चालणार नाही, तिथली हवा ओली, हेही तुम्हीच आधी सांगून ठेवलं होतंत.

फुलं संपल्यावर बहुतेक लोकांचं लक्ष संपतं. तुमचं संपलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. खरी कसोटी पुढेच असते, कारण पुढच्या वर्षीचे कंद त्या पानांवर पोसायचे असतात, आणि साधारण आठ ग्रॅमच्या खालचा कंद सहसा फुलत नाही. गच्चीवर हिरव्या जाळीचं घर केलं होतं, त्यात तुम्ही एका बाजूला कूलरला असतं तसं पाण्याने भिजणारं हनीकोंब पॅड आणि समोर एक्झॉस्ट पंखा बसवलात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे दुपारची हवा बऱ्यापैकी कोरडी असते, म्हणून पॅडवरचं पाणी उडतं आणि हवा गार होते. पावसाळ्यात हेच पॅड काही कामाचं नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. फेब्रुवारी सरता सरता ऊन चढलं आणि पानं पांपोरपेक्षा खूप आधी पिवळी पडली. नवे कंद आले, पण बरेच लहान आहेत. त्यामुळे काही कंद मला पुन्हा विकत आणावे लागणार. ज्यांना कुणाला हा धंदा "एकदा पैसे घाला आणि दरवर्षी कमवा" असा सांगितला जातोय, त्यांनी हे नीट वाचावं. काश्मीरच्या केशराला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे माझं केशर मी काश्मिरी म्हणून विकू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. ते कोपरखैरण्याचं केशर आहे, तसंच सांगून मी देते.

काका, तुम्ही गॅसचे आणि सामानाचे पैसे तेवढे घेतलेत. मजुरीचं नाव काढलं की "सफरचंदाची सवय आहे, हात शिवशिवतात" म्हणालात. पण मला हे नोंदवून ठेवायचंय. शेतीतलं ज्ञान म्हटलं की लोकांना पुस्तकं, विद्यापीठं, शेतकरी आठवतात. कंप्रेसरच्या खोलीत तेलाच्या हातांनी काम करणारा माणूस कुणाला आठवत नाही. मार्केटमध्ये पोचणारं कितीतरी फळ त्याच्या जिवावर टिकतं. माझ्या घरातलं केशर पण. जे बघायला येतात त्यांना मी आता आधी उदबत्तीची गोष्ट सांगते आणि मग ट्रे दाखवते.

पाडव्याच्या श्रीखंडासाठी काकूंची डबी वेगळी काढून ठेवली आहे, ती न्यायला या. आणि एक काम आहे: खाडीकडच्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटच्या पत्र्याला तांब धरायला लागली आहे. तुम्ही सांगितलंत तशी मी साध्या पाण्याने धुते, पण खालचे दोन नट हलत नाहीयेत. पावसाळ्याआधी एकदा बघून जा. मजुरी यावेळी मी देणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
कोपरखैरण्याची ताई