नेदरलँड्समधल्या स्टीनबर्गनच्या आजोबांना, त्या ब्रेडच्या पिशवीबद्दल थँक्यू

आजोबा, नमस्कार. तुमची नात म्हणाली मराठीतच लिही, ती मोबाईलवर ट्रान्सलेट करून वाचून दाखवेल, म्हणून हे असं बिनधास्त लिहितोय, मोबाईलने काही भलतंच वाचलं तर दोष त्याचा.

मी आइंडहोवनहून आलेला तो भारतीय मुलगा, बर्गन ऑप झूमहून बस पकडून, भिजलेला, बूट चिखलाने भरलेले, आणि कॅथलिक स्मशानभूमीत गाय गिब्सनच्या पांढऱ्या दगडासमोर नुसताच उभा. खरं सांगायचं तर मी आलो होतो ते दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची धरणं फोडणारा ब्रिटिश पायलट म्हणून, आणि तो शिमल्यात जन्मलेला, वडील तिकडे जंगलखात्यात, म्हणजे थोडा आपलाच, असं उगाच. दगडावर नावापुढे व्हीसी, डीएसओ अँड बार, डीएफसी अँड बार. व्हीसी म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस एवढं माहीत होतं. पण आमचे बाबा रेशनच्या ऑफिसात होते, आमच्या घरी डीएसओ म्हणजे जिल्हा पुरवठा अधिकारी! हे मी तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही इतके हसलात की तुमची काठी पडली. मग सांगितलंत, डीएसओ म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, डीएफसी म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, दोन्ही ब्रिटिशांची लढाईतली पदकं.

मग तुम्ही बाकावर बसून पिशवीतला ब्रेड नातीच्या हातात दिलात आणि त्या कागदी पिशवीवर निळ्या पेनाने रिबिनी काढायला लागलात. पेन एकच, म्हणून रंग शब्दात लिहिलेत. व्हीसीची गडद लाल. डीएसओची लाल, दोन्ही कडांना निळी. डीएफसीची पांढऱ्या-जांभळ्या तिरक्या पट्ट्यांची. आणि बार म्हणजे तेच पदक पुन्हा मिळालं, दुसरं मेडल देत नाहीत, रिबिनीवर एक धातूची पट्टी चढते, आणि छातीवर नुसती रिबीन लावायची असेल तर तिच्यावर चांदीचं छोटं फूल. आमच्याकडे हवाई दलाच्या जगमोहन नाथांना महावीर चक्र दोनदा मिळालं, 1962 ला आणि 1965 ला, तेव्हा बार टू महावीर चक्र असं वाचलेलं, पण तो बार नक्की काय ते मला तुमच्याकडून कळलं.

दुसरं म्हणजे ती ओळ उलटी वाचायला तुम्ही शिकवलीत. मानाने मोठं ते आधी, पण मिळालं शेवटी. पहिलं डीएफसी 1940 चं, हॅम्पडेन बॉम्बर चालवायचा तेव्हाचं. त्याचा बार 1941 चा, तो तर बॉम्बरवरचा नाहीच, नाइट फायटरवरचा. डीएसओ 1942, त्याचा बार 1943, आणि मग 16-17 मे 1943 च्या रात्रीचं व्हीसी. स्वतःचा बॉम्ब टाकून झाल्यावर तो निघून गेला नाही, मोहने धरणावर पुन्हा फिरला, मार्टिन या दुसऱ्या पायलटच्या विमानाच्या बाजूने उडत राहिला, खालच्या तोफांनी आपल्यावर मारा करावा म्हणून. हे तुम्ही दोन्ही हात विमानासारखे धरून दाखवलंत, एक हात थरथरत होता, मला वाटलं मुद्दाम, नंतर कळलं तुमचा तो तसाच असतो, सॉरी.

मी म्हटलं बाकीच्यांनाही मेडल्स मिळाली असतील ना. तुम्ही म्हणालात, परत आलेल्यांना. त्या रात्री 19 लँकेस्टर बॉम्बर, 133 माणसं, 8 विमानं गेली, 53 जण मेले. मेडल्स 34 जणांना. मेलेल्या 53 पैकी एकालाही नाही, कारण तेव्हाच्या ब्रिटिश नियमात लढताना मेलेल्याला व्हीसी मिळू शकायचं, नाहीतर अहवालात नुसता नावाचा उल्लेख, डीएसओ-डीएफसीला माणूस जिवंत लागायचा. त्यातलाच एक पायलट हॉपगुड, 21 वर्षांचा, विमान पेटलेलं असताना वर चढवत राहिला, माणसांना उडी मारता यावी म्हणून, दोघं वाचले. त्याच्या नावापुढे डीएफसी अँड बार आहे, पण दोन्ही आधीची. मला हे इतकं लागलं की पाऊस थांबलेला पण लक्षात आला नाही. आणि तुम्ही लगेच हेही बोललात की खाली पुरात हजाराच्या वर माणसं बुडाली, त्यात कितीतरी पूर्वेकडून धरून आणलेले मजूर, तेही विसरू नकोस. कुठलीच बाजू तुम्ही मला सोपी करून दिली नाहीत.

आणि मग शेजारचा दगड. मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. जिम वॉरविक, डीएफसी, गिब्सनचा नेव्हिगेटर, दोघं 19 सप्टेंबर 1944 च्या रात्री त्या लाकडी मॉस्किटो विमानात, जर्मनीवरून परतताना तुमच्या गावात पडले. गिब्सन 26 वर्षांचा. आधी गावाला वाटलं एकच माणूस आहे, ओळख पटली ती वॉरविकची, बिल्ल्यावरून. मग तिसरा हात सापडला. आणि दुसरा कोण ते कळलं मोज्यात शिवलेल्या लाँड्रीच्या चिठ्ठीवरून. पाच पदकांचा माणूस आणि शेवटी धोब्याच्या खुणेवरून सापडला! आमच्याकडे आजी शर्टाच्या कॉलरच्या आत बघायची, धोब्याची काळी खूण आहे ना, नाहीतर दुसऱ्याचा शर्ट यायचा. हे मला तिथे नीट सांगता आलं नाही, माझं डच म्हणजे दुकानात बिल मागण्यापुरतं, म्हणून आता सांगतोय. बस थांब्याकडे येताना त्या दोघांच्या नावाचे रस्ते पण दाखवलेत, वॉरविकची पाटी मी एकट्याने आलो असतो तर चुकलोच असतो.

दीड तास दिलात तुम्ही मला, तोही थंडीत. खूप खूप आभार आजोबा, आणि नातीचे पण, तिने तेवढा वेळ तो ब्रेड जॅकेटच्या आत धरून ठेवला होता.

पिशवी मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलीय, एका कोपऱ्यात लोण्याचा डाग आहे, बरोबर चांदीच्या फुलाच्या बाजूला. पुढच्या महिन्यात लंडनला चाललोय, हेंडनच्या एअर फोर्स म्युझियममध्ये खरं व्हीसी आहे ना, तिथे पिशवी घेऊन जाणार. फोटो पाठवतो.